‘प्लॉजिबल’ला मराठीत काय म्हणावे?

सातारी अनुवादक :
कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने नवी गाडी घेतली. वेग 40 मैलांवर गेला की गिअर बदलताना ती असा हिसका देते की मागच्या सीटवरचे मूल दचकून जागे होते. तीनदा दुरुस्तीला नेऊनही फरक न पडल्याने त्याने तेथील फेडरल न्यायालयात उत्पादक कंपनीवर दावा लावला. पुराव्याची वेळ येण्याआधीच कंपनीने तेथील दिवाणी प्रक्रियेच्या नियम 12(ब)(6) खाली, म्हणजे दाव्यातील कथनच दाद देण्यास पुरेसे नाही म्हणून, दावा काढून टाकण्याचा अर्ज दिला आणि तो काही अंशी मान्य झाला. सासऱ्यांसाठी आदेश मराठीत उतरवताना मी लिहिले, ‘कथन संभाव्य नसल्याने दावा पूर्वग्रहाविना फेटाळण्यात येत आहे.’ सासरे म्हणाले, “म्हणजे हरलो, पण न्यायाधीशांच्या मनात काही वाकडे नव्हते, एवढेच समाधान.” मूळ शब्द ‘प्लॉजिबल’ आणि ‘विदाउट प्रेज्युडिस’ असे आहेत. माझे कुठे चुकले?

निवृत्त शिरस्तेदार :
‘पूर्वग्रहाविना’ ही ढोबळ चूक आहे. येथे न्यायाधीशांच्या मनाचा संबंध नसून पक्षकाराच्या हक्काचा आहे. ‘पुन्हा दाद मागण्याच्या हक्कास बाध न येता’ असे लिहावे. ‘फेटाळला’ म्हटले की वाचणाऱ्याला गुणदोषांवर निकाल लागल्यासारखे वाटते. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 7 नियम 11 खाली वादपत्र ‘नामंजूर’ होते आणि नियम 13 प्रमाणे त्याच कारणावर नवे वादपत्र दाखल करता येते. तोच शब्द वापरावा.

शुद्धलेखक :
‘नामंजूर’ऐवजी ‘अस्वीकृत’ का नको? परक्या शब्दांची ही सवय आता सुटायला हवी. ‘फेटाळणे’ हा मात्र अस्सल शब्द आहे. नको असलेली गोष्ट फेट्याच्या शेवाने झटकून टाकणे, असा त्याचा उगम माझे आजोबा सांगत.

निवृत्त शिरस्तेदार :
आजोबांविषयी आदर राखून सांगतो, फेटा आणि फेटाळणे यांचे नाते मला पटत नाही. दावा, वकील, कैफियत, तारीख हे सारे परके म्हणून गाळले, तर न्यायालयात फक्त बेलिफाचा पुकारा उरेल, आणि बेलिफ तर इंग्रजी आहे.

न्यू जर्सीची वकील :
मूळ प्रश्न ‘प्लॉजिबल’चा होता. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1957 च्या कॉनली निकालानुसार, वादीला कोणत्याच परिस्थितीत दाद मिळू शकत नाही हे निःसंशय दिसले तरच दावा काढला जाई. 2007 च्या ट्वॉम्बली आणि 2009 च्या इक्बाल या निकालांनी तो उंबरठा वर नेला. ‘गाडी सदोष होती आणि कंपनीला ते माहीत होते’ हा नुसता निष्कर्ष झाला व तो खरा धरला जात नाही. कोणत्या वेगाला हिसका बसला, गाडी किती वेळा दुरुस्तीला गेली, कागदावर काय नोंद झाली, ही वस्तुस्थिती मात्र या टप्प्यावर खरी धरावी लागते. असे कथन केवळ ‘शक्य’ असून भागत नाही, पण ते ‘संभाव्य’ असण्याचीही अट नाही, हे इक्बालमध्ये स्पष्ट केलेले आहे. म्हणून ‘संभाव्य’ हा शब्द नेमका चुकीच्या पायरीवर उभा आहे.

निवृत्त शिरस्तेदार :
मग ‘सकृद्दर्शनी’ घ्या. सकृत् म्हणजे एकदा. एकदा पाहताच जे तग धरते ते.

न्यू जर्सीची वकील :
तो शब्द ‘प्राइमा फेसी’साठी आधीच खर्ची पडला आहे. मी ‘पटण्याजोगे’ म्हणेन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टाळी घेण्याजोगे असा असल्यामुळे हा घरगुती शब्दही तिथे शोभतो.

शुद्धलेखक :
न्यायालयीन आदेशात ‘पटण्याजोगे’? ते ओट्यावरचे बोलणे झाले. ‘संभवनीय’ लिहा.

सातारी अनुवादक :
आदेश पुन्हा वाचला. वॉरंटीभंगाची मागणी टिकली आहे. दोष लपवून गाडी विकल्याचा, म्हणजे फसवणुकीचा भाग तेवढा काढून तो सुधारण्याची मुभा दिली आहे.

न्यू जर्सीची वकील :
म्हणजे नियम 9(ब) आडवा आला. फसवणूक कोणी, केव्हा, कशी केली हे तपशिलाने सांगावे लागते. कंपनीला विक्रीपूर्वी माहिती होती हे दाखवण्यासाठी विक्रेत्यांना गेलेली तांत्रिक परिपत्रके किंवा वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडील जुन्या तक्रारी वादपत्रात जोडल्या जातात.

निवृत्त शिरस्तेदार :
फसवणुकीचा तपशील आपल्याकडेही आदेश 6 नियम 4 मागतोच. पण मग माझा ‘नामंजूर’ मागे घ्यावा लागेल. वादपत्राचा एखादा तुकडा नामंजूर करता येत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सेजल ग्लास प्रकरणात म्हटले आहे. जी गोष्ट आपल्या संहितेत घडतच नाही, तिला कोर्टाच्या मराठीत शब्द कुठून असणार?

शुद्धलेखक :
‘अंशतः अस्वीकृत’.

सातारी अनुवादक :
सासऱ्यांना ते वाचून दाखवले. ते विचारतात, “अंशतः म्हणजे गाडीचा कोणता अंश?”