काचेवर की काचेत? होलोग्राफीच्या काचेसाठी मराठी शब्द

प्रश्न

होलोग्राम (प्रकाशाने नोंदवलेली त्रिमितीय प्रतिमा) नोंदवण्यासाठी मुद्दाम घडवलेल्या एका काचेविषयीचा मजकूर मराठीत आणताना मी काही शब्दांपाशी अडलो आहे. काचेच्या मूळ नावात (‘फोटो-थर्मो-रिफ्रॅक्टिव्ह ग्लास’) प्रकाश, उष्णता आणि वक्रीभवन, म्हणजे प्रकाशाचे वाकणे, ही तिन्ही पदे आहेत; मी सुटसुटीतपणासाठी ‘प्रकाशसंवेदी काच’ असे म्हटले आहे. ‘रेकॉर्डिंग’साठी ध्वनिमुद्रणाच्या धर्तीवर ‘प्रकाशमुद्रण’ आणि ‘डेव्हलप करणे’ यासाठी फोटो स्टुडिओतला ‘धुणे’ हा शब्द चालेल का? आणि होलोग्राम काचेवर नोंदवला म्हणावे की काचेत?

प्रतिसाद

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचे शब्द त्यावरच अवलंबून आहेत. सोव्हिएत शास्त्रज्ञ युरी डेनिस्युक यांनी १९६२ च्या सुमारास लेनिनग्राडच्या वाविलोव्ह प्रकाशकी संस्थेत जे होलोग्राम नोंदवले, ते काचेच्या पट्टीवर चढवलेल्या काही मायक्रॉन जाडीच्या संवेदी लेपात होते; काच केवळ आधाराला होती, म्हणून तिथे ‘काचेवर’ हेच योग्य. आपण म्हणता ती काच निराळी आहे. तिच्यावर पुढे मोठे काम करणारे लिओनिद ग्लेबोव्ह हेही आधी त्याच संस्थेत होते आणि नंतर अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो येथील विद्यापीठात गेले. या काचेला लेप नसतो. नोंद काही मिलिमीटर जाडीच्या तुकड्याच्या आत, आरपार होते. म्हणून ‘काचेत’.

आता घडते काय ते पाहा. सोडियम, झिंक, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांच्या काचेत फ्लोरिन व ब्रोमिन असतात आणि सिरियम, चांदी, अँटिमनी यांचा अंश मिसळलेला असतो. जंबुपार प्रकाश पडला की सिरियम एक इलेक्ट्रॉन सोडतो आणि तो पुढे चांदीच्या आयनाला मिळून त्याचा अणू होतो. एवढ्याने डोळ्यांना काहीच दिसत नाही. नंतर काच सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की चांदीचे अणू गोळा होतात आणि त्या कणांभोवती सोडियम फ्लोराइडचे अतिसूक्ष्म स्फटिक वाढतात, त्यामुळे प्रकाश पडलेल्या जागी वक्रीभवनांक (काच प्रकाशाला किती वाकवते त्याचे माप) किंचित, म्हणजे हजारांश भागाच्या आसपास, उतरतो. प्रकाशाने विरजण लावायचे आणि उबेने दही लागायचे, असा हा प्रकार आहे. विरजणाच्या नावाने दही ओळखणे बरे नव्हे, म्हणूनच नावातून उष्णता वगळू नये. शिवाय ‘प्रकाशसंवेदी काच’ हे नाव १९४० च्या दशकात कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीत डोनाल्ड स्टुकी यांनी तयार केलेल्या काचेला आधीच लागू पडते, आणि उन्हात काळवंडणाऱ्या चष्म्याच्या काचेलाही वाचक तेच नाव देईल.

‘धुणे’ हा शब्द मला मनापासून आवडतो, पण इथे रसायनही नाही आणि पाणीही नाही, केवळ भट्टी आहे. ‘तापवून नोंद उमटवणे’ असे सरळ लिहावे. ‘मुद्रण’ म्हटले की पृष्ठभागावरचा ठसा डोळ्यांपुढे येतो, म्हणून ‘अंकन’ बरे.

प्रतिसाद

वरील विवेचन पटले, परंतु ‘वक्रीभवन’ हा शब्द तेवढा तपासावा. जुन्या पाठ्यपुस्तकांत तो होता, आजची दहावीची मुले ‘अपवर्तन’ शिकतात आणि मराठी विश्वकोशाच्या नोंदींत ‘प्रणमन’ व ‘प्रणमनांक’ भेटतात. काच तीच, प्रकाश तोच, आणि वाकण्याला मात्र तीन नावे! तसेच हिंदीच्या वळणाने ‘ऊष्मीय’ लिहू नये. विद्युत केंद्रामुळे ‘औष्णिक’ सर्वांच्या कानांवर आहे.

पुन्हा प्रश्नकर्ता

आभार. मग ‘प्रकाश-औष्णिक अपवर्तनी काच’ असे नाव पहिल्या उल्लेखात देतो आणि पुढे नुसते ‘ही काच’ म्हणतो. एक वाक्य असे बेतले आहे: ‘या काचेत अंकित केलेले जालक लेसरच्या प्रकाशातील नेमकी तरंगलांबी निवडून परावर्तित करते.’ इथे ‘जालक’ म्हणजे ‘ग्रेटिंग’, काचेत प्रकाशाने उमटवलेल्या बारीक समांतर पट्ट्यांची रचना.

प्रतिसाद

वाक्य चांगले आहे, पण ‘जालक’ हा शब्द स्फटिकातील अणूंच्या मांडणीलाही वापरतात, आणि आपल्या मजकुरात स्फटिकही आहेत. सोडियम फ्लोराइडचे जालक आणि प्रकाशाने अंकित केलेले जालक यांत वाचकाची गल्लत होईल, म्हणून दुसऱ्यासाठी प्रत्येक वेळी ‘विवर्तन जालक’ असे पूर्ण लिहावे.