निअर-इन्फ्रारेड मीटर दुसऱ्या तोड्याचा ब्रिक्स कमी दाखवतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आंबा न कापता गोडी (ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेचं साधारण प्रमाण) कळावी म्हणून हातात धरायचा निअर-इन्फ्रारेड मीटर वापरतोय. तो डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा प्रकाश फळावर टाकून मोजतो. पहिल्या तोड्याला सगळं जुळलं, दुसऱ्याला मात्र घोडं अडलंय.

मीटर ७०० ते ११०० नॅनोमीटरचा आहे. कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरच्या रीडिंगची खऱ्या ब्रिक्सशी सांगड घालणं, मीच केलं. पिकलेली १२० फळं घेतली, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना पेनने गोल काढला, गोलावर मीटर टेकवून रीडिंग घेतलं आणि लगेच त्याच गोलाखालचा सेंटिमीटरभर गर काढून, पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर (रसात प्रकाश किती वाकतो यावरून ब्रिक्स सांगणारं उपकरण) ब्रिक्स पाहिला. (आधी अख्ख्या फळाचा रस काढायचो, तेव्हा काहीच जुळत नव्हतं. एकाच आंब्यात देठाकडची आणि टोकाकडची गोडी वेगळी निघते.) एकूण २४० नोंदी झाल्या. त्यातल्या वीस टक्के कशाही उचलून बाजूला ठेवल्या आणि बाकीच्यांवर पीएलएस मॉडेल (रीडिंगवरून ब्रिक्सचा अंदाज काढणारं संख्याशास्त्रीय गणित) बसवलं. बाजूला ठेवलेल्या नोंदींवर चूक ०.६ ब्रिक्स आली. खूप आनंद झाला होता.

दुसऱ्या तोड्याची फळं पिकल्यावर शीतगृहात होती. तिथून काढून लगेच मोजली, तर मीटर जवळपास प्रत्येक फळाला दीड ब्रिक्स कमी दाखवतोय. कोणतं जास्त गोड, कोणतं कमी, हा क्रम मात्र बरोबर येतो. पांढरा संदर्भ (तुलनेसाठी पांढऱ्या पृष्ठभागाचं रीडिंग) दर वेळी घेतो, उन्हात मोजत नाही. मॉडेलच चुकलंय की माझी मोजायची पद्धत? पुन्हा शंभर फळं कापायची माझी तयारी नाही, चांगला माल वाया जातो.

प्रतिसाद:

क्रम बरोबर आहे आणि फरक सगळीकडे सारखा आहे, म्हणजे मॉडेल टाकून देऊ नका. मला तापमानाचा संशय येतो. फळात बहुतांश पाणीच असतं आणि ९७० नॅनोमीटरच्या आसपास पाण्याचं शोषण ठळक दिसतं. फळ गार-गरम झालं की पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध बदलतात आणि शोषणाच्या आलेखातला तो उंचवटा सरकतो. तुमच्या मॉडेलने गार फळ कधी पाहिलेलंच नाही. शिवाय शीतगृहातून काढल्या काढल्या फळाला घाम सुटतो, तो पुसला होता का? सालीवरच्या पाण्याचाही परिणाम होतो.

आता रिफ्रॅक्टोमीटरकडे वळा. त्यात तापमानाची दुरुस्ती आपोआप होते का? नसेल, तर गार रस ब्रिक्स जास्त दाखवतो. रस १० अंशांवर असेल आणि पट्टी २० अंशांसाठी असेल, तर साधारण ०.६ चा फरक तिथेच पडतो. म्हणजे थोडा दोष मीटरचा नसून तुम्ही ज्याला खरं मानता त्या आकड्याचाच असेल.

आणखी एक, हे जरा स्पष्टच सांगतो. ०.६ या आकड्यावर विसंबू नका. नोंदी कशाही उचलल्यामुळे एकाच आंब्याची एक बाजू मॉडेल बसवायला गेली आणि दुसरी तपासायला. ती परीक्षा फार सोपी झाली. तपासणीसाठी अख्खा तोडा वेगळा ठेवायला हवा, जमलं तर अख्खा हंगाम.

धागाकर्ता:

मनापासून आभार. रिफ्रॅक्टोमीटर जुना आहे, त्यात दुरुस्ती नाही. काल त्याच तोड्यातली दहा फळं कोरडी पुसून, गार असतानाच मोजली. मग रात्रभर बाहेर ठेवली आणि सकाळी फळ २४ अंशांवर आल्यावर त्याच गोलांवर पुन्हा मोजली. मीटरचं रीडिंग सरासरी ०.४ ने वर आलं. रसही थोडा वेळ ठेवून, २० अंशांच्या जवळ आल्यावर पाहिला. दोन्ही मिळून दीडचा फरक आता अर्ध्या ब्रिक्सवर आलाय. दोन बाजूंच्या नोंदींचं तुम्ही म्हणालात ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. प्रत्येक फळाच्या दोन्ही बाजू एकाच गटात ठेवून तपासलं, तर चूक ०.६ वरून ०.९ झाली.

उरलेल्या अर्ध्या ब्रिक्सबद्दल विचारायचं आहे. दुसऱ्या तोड्यातली थोडी फळं कापून फरक काढला आणि प्रत्येक रीडिंगमध्ये नुसता तेवढा ठरावीक आकडा वाढवला तर पुरेल, की ती मॉडेलमध्ये घालून मॉडेल पुन्हा बसवू? आणि मुद्दाम गार, मध्यम, कोमट अशा तिन्ही तापमानांना मोजून त्या नोंदी घातल्या, तर पुढच्या तोड्याला हा त्रास टळेल का? कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर किती फळं लागली तेवढं सांगा.