संगीत महोत्सवात चित्रकाराने चित्र काढावे आणि विकावे का?

रंगपेटी (धागा सुरू करणारे):

मोकळ्या मैदानावरच्या संगीत महोत्सवांत आयोजक हल्ली चित्रकारालाही बोलावतात. गाणे चालू असताना तो रंगमंचाच्या कडेला उभा राहून चित्र काढतो, शेवटी ते चित्र प्रमुख पाहुण्यांना भेट दिले जाते आणि चित्रकार शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो. रंग, कॅनव्हास आणि रिक्षाचे भाडे त्याच्याच खिशातून गेलेले असते. माझ्यासह आपल्या कोल्हापुरातील अनेकांनी हे अनुभवले आहे आणि मला ते अपमानास्पद वाटते.

तरीही चित्रकाराने महोत्सवात गेलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्याने ठरलेले मानधन घेऊन, लेखी करार करून आणि आपली चित्रे विक्रीला मांडून जावे. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात प्रदर्शन भरवले की पाहायला येतात ते बहुतेक आपलेच सहाध्यायी, गुरुजन आणि नातेवाईक. ते बारकाईने पाहतात, मनापासून दाद देतात, पण त्यांच्या भिंतींवर आधीच जागा उरलेली नसते. याउलट महोत्सवाला येणारा माणूस कलेसाठी तिकीट काढून आलेला असतो आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी आयुष्यात एकदाही कलादालनाची पायरी चढलेली नसते. शिवाय चित्रकला आणि संगीत यांचा शेजार कोल्हापूरला नवा नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले आणि त्या पडद्यांपुढे उभे राहूनच नटांनी पदे गायिली.

षड्ज:

आपल्या मानधनाच्या मागणीशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु पडद्यांचा दाखला आपल्याच विरोधात जातो. पडदा रंगवून, वाळवून, टांगून झाल्यावरच नाटक सुरू होत असे. पद चालू असताना बाबूराव शिडीवर चढून झाड रंगवत नव्हते. राग-रागिण्यांची चित्रे आपल्याकडे शतकानुशतके काढली गेली, रागमालेची मोठी परंपरा दख्खनेतही होती. पण ती चित्रे गाणे ऐकून झाल्यावर, मनात मुरल्यावर, एकांतात काढलेली आहेत.

हे शहर अल्लादिया खाँसाहेबांचे आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने ते येथे राहिले आणि त्यांच्या गायकीने येथील श्रोत्याला एकेका स्वराकडे लक्ष देऊन ऐकायला शिकवले. विलंबित ख्यालात, म्हणजे संथ लयीतल्या गायनात, गायक एखाद्या स्वरावर थांबतो, तेव्हा श्रोत्याकडून तो फक्त लक्ष मागत असतो. त्याच वेळी बाजूला कुंचला हलू लागला की नजर तिकडे वळते, आणि नजर गेली की कान फार काळ मागे राहत नाहीत. चित्रात आता काय उमटणार, या उत्सुकतेत अख्खी बढत, म्हणजे रागाचा सावकाश होणारा विस्तार, निघून जाते. माझ्या दृष्टीने ही गायकावर होणारी उघड आगळीक आहे.

घाटावरचा चित्रकार:

मी महोत्सवात बसलो आहे, म्हणून लिहितो. लोक पाहत असताना चित्र काढण्याची आम्हाला सवय आहे. पंचगंगा घाटावर निसर्गचित्रण करताना पाठीमागे दहा माणसे उभी असतातच. खरी अडचण उजेडाची आहे. रंगमंचाचे दिवे सतत बदलतात. लाल उजेड पडला की कोऱ्या कॅनव्हासवर ओढलेला लाल रंगाचा फटकारा दिसेनासा होतो आणि निळा रंग काळा भासतो. त्यामुळे स्वतःचा पांढरा दिवा न्यावाच लागतो, आणि अंधारातला तो पांढरा दिवा श्रोत्यांच्या डोळ्यांत जातो. इथे षड्ज यांचे म्हणणे मला पटते.

यावर उपाय आहे. चित्रकाराने रंगमंचाशेजारी न बसता मैदानाच्या मागच्या बाजूला, प्रवेशद्वाराकडच्या गाळ्यात बसावे. ज्याला पाहायचे तो उठून येतो आणि ज्याला ऐकायचे तो ऐकत राहतो. तैलरंग तिथे चालत नाहीत, कारण ते वाळायला कित्येक दिवस लागतात आणि ओले चित्र गिऱ्हाइकाच्या हाती देता येत नाही. ॲक्रिलिक मात्र काही मिनिटांत वाळते. प्रत्येक चित्राशेजारी आकार, माध्यम आणि किंमत लिहिलेले कार्ड ठेवले की घासाघीस निम्मी संपते. लोकांना किंमत विचारायचा संकोच वाटतो, आणि तो घालवणे हे आपलेच काम आहे.

एक कलाशिक्षक:

माझा विरोध चित्रकलेच्या बाजूने आहे. अमेरिकेत डेनी डेंट हा चित्रकार संगीताच्या तालावर दोन्ही हातांत कुंचले घेऊन काही मिनिटांत भव्य व्यक्तिचित्र उभे करीत असे. 1994 च्या वुडस्टॉक महोत्सवातही त्याने तसे केले. ते कौशल्य थोर होते, पण टाळ्या मिळत होत्या त्या वेगाला. आपले विद्यार्थी त्या टाळ्यांच्या मागे लागले, तर ते चुका करणे सोडून देतील आणि हमखास जमणारी तीन-चार चित्रे पाठ करून तीच पुन्हा पुन्हा काढत बसतील. आपल्याकडचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटीतीर्थ ही तळी चितारली, त्यामागे त्याच पाण्याकडे वर्षानुवर्षे परत जाण्याचा हट्ट होता. हा हट्ट गर्दीत शिकता येत नाही. तयार चित्रे गाळ्यावर जरूर विका, परंतु चित्र काढण्याचा खेळ मांडू नका.

रंगपेटी:

रंगमंचाशेजारी बसण्याचा आग्रह मी सोडतो. शिक्षकांची भीती मात्र मला अतिशयोक्त वाटते. चित्र पाठ करण्याची खोड घरात बसूनही लागते, उलट अनोळखी माणसाने समोर उभे राहून "हा रंग इथे का?" असे विचारले, तर उत्तर शोधावे लागते.

करारावर कोणी बोलले नाही, म्हणून तो मुद्दा पुन्हा मांडतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन एखाद्याने चित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या चित्राचा पहिला कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा होतो. म्हणजे मानधन घेऊन महोत्सवात काढलेले चित्र पुढच्या वर्षी आयोजकांच्या फलकांवर आणि टी-शर्टवर झळकले, तर आपल्याला बोलायला जागा राहत नाही. आपण स्वतःहून काढून गाळ्यावर विकलेल्या चित्राचा कॉपीराइट मात्र, लेखी लिहून दिल्याशिवाय, आपल्याकडेच राहतो. म्हणून मानधन स्वीकारण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: मूळ चित्र कोणाचे, कॉपीराइट कोणाचा आणि साहित्याचा खर्च कोणाचा.

षड्ज:

कागदाला माझा पाठिंबा आहे. गायकांनाही तो हवा असतो. त्यात चौथी ओळ घालावी की गाणे चालू असताना गाळ्यावरचे दिवे मंद राहतील आणि विक्री मध्यंतरात व कार्यक्रमानंतर होईल. ही ओळ घालायला आयोजक तयार नसतील, तर अशा महोत्सवात चित्रकाराने बसू नये, या मतावर मी कायम आहे.