मदत हवी आहे: आईची मेटलची झडप, वॉरफेरिन आणि पालेभाज्या

नमस्कार मंडळी. माझ्या आईला लहानपणी रुमॅटिक फीव्हर येऊन गेला होता. घसा दुखला, सांधे सुजले, बरं वाटलं आणि घरचे विसरूनही गेले. पण त्यातूनच हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप वर्षानुवर्षं आकसत गेली. रक्त पुढे जाईना, फुफ्फुसांत दाब वाढला, एक जिना चढला तरी धाप. यंदा मेटलची झडप बसवली. रात्री घर शांत झालं की शेजारी झोपणाऱ्यालाही तिची टिकटिक ऐकू येते.

मेटलवर गुठळी धरू नये म्हणून वॉरफेरिन जन्मभर घ्यायचंय. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलाय, पण तो काही स्थिर राहत नाही. मेथी, शेपू, अळू यांतलं व्हिटॅमिन के औषधाचा जोर कमी करतं, मग आकडा उतरतो. उपवासात पालेभाजी बंद झाली की चढतो. उतरला तर गुठळी मेंदूत जायची भीती, चढला तर रक्तस्रावाची. आई म्हणते, भाजीच सोडते. मला ते पटत नाही, कारण डॉक्टरांनीही ‘सोडू नका, रोज सारख्याच प्रमाणात खा’ असंच सांगितलंय.

तुमच्या घरी कोणी वॉरफेरिनवर असेल तर कृपया सांगा, भाजीचं प्रमाण रोज कसं सांभाळता? वाटी ठरवून घेता का? उपवासाच्या दिवशी काय करता? बोटातून थेंबभर रक्त घेऊन आयएनआर दाखवणारं यंत्र घरी कोणी वापरतं का, आणि त्याचा आकडा लॅबशी जुळतो का? डोस डॉक्टरच ठरवतात, त्याबद्दल विचारत नाहीये.