मदत हवी आहे: इंजिन उघडू की गाडीच बदलू?

कोरडीविहीर:
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. गाडी १४ वर्षांची. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, इंजिन उघडावं लागेल, आणि उघडलंच आहे तर रिंगा, व्हॉल्व्ह सगळं करून घ्या. त्याने सांगितलेला आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त आहे. उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. करू की नवी घेऊ? 'मनाचा कौल घ्या' छाप सल्ले नकोत.

मधलीलेन:
पेट्रोल की डिझेल? किती किमी झाली? आम्हाला स्वप्नात दिसणार का?

हिशेबी:
विका आणि मोकळे व्हा. फक्त शोरूममधली कोरी घेऊ नका. गाडीची किंमत पहिल्या वर्षात सगळ्यात जोरात पडते, तो फटका दुसऱ्याला खाऊ द्या. दोन-तीन वर्षं वापरलेली बघा. मी आजवर तीन गाड्या अशाच घेतल्या.

नटबोल्ट:
विकायचं नंतर बघू. गॅस्केट गेलं हे ठरवलं कशावरून? काही चाचणी केली का नुसतं बॉनेट उघडून सांगितलं?

कोरडीविहीर:
पेट्रोल. १,६२,०००. चाचणीचं माहीत नाही. कूलंट कमी होतं, आठवड्याला साधारण अर्धा लिटर. सकाळी पांढरा धूर येतो. ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट सायीसारखं काहीतरी होतं, ते त्याने बोटाने काढून दाखवलं. अजून काय पुरावा हवा?

उंटावरचाशहाणा:
लीक बंद करणारं औषध मिळतं, बाटलीभर रेडिएटरमध्ये ओता. मेव्हण्याच्या गाडीत टाकलं होतं, दोन वर्षं झाली. हाय काय नाय काय.

नटबोल्ट:
@उंटावरचाशहाणा, कृपा करा. ते औषध भोक आणि नळी यांत फरक करत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्याही तेच बुजवतं. मेव्हण्याचं नशीब.

@कोरडीविहीर, रोज किती चालवता? दोन-तीन किमीच्या फेऱ्या असतील तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाखाली थिजते आणि अशी साय धरते. गॅस्केट धडधाकट असलं तरी. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ आहे का ते बघा, खरी खूण ती. आणि धूर दहा मिनिटांनी थांबतो की चालूच राहतो?

उंटावरचाशहाणा:
दोन वर्षं चालली एवढं मला पुरे. पुस्तकी ज्ञान तुमच्याकडे ठेवा.

चाकांवरचा:
इलेक्ट्रिक घ्या. ना कूलंट, ना गॅस्केट.

मधलीलेन:
इलेक्ट्रिकमध्येही कूलंट असतं हो, बहुतेक गाड्यांची बॅटरी त्यानेच थंड ठेवतात. आणि त्यांनी हे विचारलंय कुठे?

कोरडीविहीर:
ऑफिस तीन किमी. धूर थांबतो थोड्या वेळाने. डिपस्टिकवर ऑइल काळंच आहे. पण मग कूलंट जातंय कुठे? गाडीखाली थेंब नाही.

नटबोल्ट:
आता मुद्द्यावर आलात. डावी-उजवीकडची पुढची मॅट उचला, खाली हात लावून बघा. काच आतून धुरकट होते का? गोडसर वास?

कोरडीविहीर:
अहो, मॅट ओलीच असते! मी आपला छत्रीचं पाणी समजून दोनदा उन्हात वाळवली. आज बोट लावलं तर पाणी नाही, चिकट आहे. आणि हो, काच सारखी पुसावी लागते, त्यासाठीचं फडकं डॅशवरच ठेवलंय. हे सांगायचं असतं हे मला कसं कळणार?

नटबोल्ट:
हीटर कोअर. डॅशबोर्डच्या पोटात छोटा रेडिएटर असतो, तो गळतोय. भाग स्वस्त, मजुरी महाग, कारण बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅश उतरवावा लागतो. तूर्त इंजिनकडून हीटरला जाणारे दोन पाइप एकमेकांना जोडून घ्या. हीटर बंद पडेल, काच साफ व्हायला वेळ लागेल, पण गळती थांबेल.
मध्ये कधी तापली होती का?

कोरडीविहीर:
एकदा चढावर काटा लालमध्ये गेला होता. घर दोन किमीवर होतं, तशीच नेली.

नटबोल्ट:
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! अशाने हेड वाकतं. आता ब्लॉक टेस्ट कराच. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या पाण्याची नळी धरतात. जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. सोबत चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत किती दाब तयार होतो ते, मोजून घ्या. आणि गरम इंजिनावर टोपण उघडू नका. आत दाब असतो, पाणी १०० अंशांच्या पुष्कळ वर जाऊनही उकळलेलं नसतं. टोपण फिरवलंत की तोंडावर.

हिशेबी:
समजा सगळं चांगलं निघालं. १,६२,००० वर क्लच, सस्पेन्शन, वॉटर पंप रांगेत उभे आहेतच. मागच्या दोन वर्षांची बिलं काढा, बेरीज करा. ती नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांच्या जवळपास जात असेल तरच माझा सल्ला धरा.

कोरडीविहीर:
बिलं काढली. टायर आणि बॅटरी सोडली तर काहीच नाही.
दुसऱ्या गॅरेजात टेस्ट केली. पाणी निळंच राहिलं. कॉम्प्रेशन १२.१, १२, ११.८, १२, म्हणजे चारही जवळपास सारखंच. पाइप जोडून घेतले. पहिल्याला नाही म्हणून कळवलं, तो फोनवर म्हणाला, "बघा हं, रस्त्यात बंद पडली तर मला सांगू नका."
डॅश उतरवायचं दिवाळीनंतर बघतो.

मधलीलेन:
टायमिंग बेल्ट आहे की चेन? बेल्ट असेल तर शेवटचा कधी बदलला?

कोरडीविहीर:
बेल्ट म्हणजे तो बाहेरून दिसतो तोच ना?

नटबोल्ट:
नाही. नवा धागा काढा.

चाकांवरचा:
वरचं वाचलं नाही, पण इंजिन उघडायला मुळीच देऊ नका.