कुंपण घातलं आणि गवतच हरवलं?

माळढोक_नाही_मी: मंडळी, सल्ला हवाय. सह्याद्रीतल्या एका पठारावर आम्ही चौघं चार पावसाळे एका गवताच्या मागे लागलोय. ग्लायफोक्लोआ. वीतभर उंची, वर्षायू. जांभ्यावर जेमतेम दोन बोटं माती आणि पावसाळाभर झिरपतं पाणी, अशा जागी आमच्याकडे सापडतं. गुरं तुडवतात म्हणून दोन वर्षांपूर्वी अर्धा एकर जाळी मारली. यंदा सप्टेंबरात आत शिरलो तर गुडघाभर गवत, खाली गेल्या वर्षीच्या कुजक्या काड्यांचा थर आणि आपलं गवत मोजून अकरा ठोंब. जाळीबाहेर, गुरांच्या पायवाटेलगत, मात्र भरपूर! मीच वर्गणी काढली होती जाळीसाठी. आता काढू का?

खिल्लारी: माझं लहानपण गुरांमागेच गेलं. चराई थांबली की उंच गवत मातणारच, बुटक्याला ऊन कुठून मिळायचं? पण लगेच गुरं घालू नका, बी गळू द्या. मग विळ्याने कापा आणि भारे पठाराबाहेर न्या. कापून तिथेच टाकलंत तर पुन्हा तोच थर.

तूस_आणि_भिंग: खिल्लारींशी सहमत. वर्षायू आहे, म्हणजे यंदा बी पडलं नाही तर पुढल्या पावसाळ्यात भरवसा फक्त मातीतल्या जुन्या बियांचा. कासच्या जाळीवरूनही असाच वाद झाला होता.

पण ओळख पक्की आहे ना? ही प्रजाती (म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेटन यांनी 1981 मध्ये वेगळी केली आणि तिच्या सगळ्या जाती भारतीय द्वीपकल्पातल्याच. जात ठरवायला खालच्या तुसावरच्या गाठी-काटे भिंगाखाली बघावे लागतात. कणीस पिकलं की पेरापेरातून मोडतं, पिशवीत नुसता चुरा उरतो (माझा एक नमुना असाच गेला), तेव्हा थोडं आधी घ्या. वनजमीन असेल तर परवानगी काढून. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं हर्बेरियम (वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह) आहे, तिथे ताडून बघा. आणि कृपा करून दुसऱ्या पठारावरचं बी आणून टाकू नका.

माळढोक_नाही_मी: अर्धी जाळी काढतो, अर्ध्यात फक्त कापणी करतो. दोन्हीकडे एक-एक मीटरचे चौकोन आखून ठोंब मोजू. एक राहिलंच: वरच्या अंगाला कुणीतरी वृक्षारोपणाचे खड्डे घेऊन ठेवलेत. रोपं मेली, पण पाणी आता खड्ड्यांत बसतं, खाली येतच नाही.

तूस_आणि_भिंग: मग जाळीआधी ते बुजवा! पाणीच आलं नाही तर कापणी काय कामाची? ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला गाठून लोक जैवविविधता नोंदवहीत हे गवत नावानिशी, जागेसकट चढवून घ्या. कागदावर ‘पडीक’ दिसलं की पुढच्या जूनला पुन्हा कुदळी घेऊन येतील.

खिल्लारी: बुजवताना त्याच खड्ड्यांची माती वापरा. बाहेरची आणलीत तर तणाचं बी फुकट.