मदत हवी आहे: एमटीटी म्हणते पेशी ११८ टक्के जिवंत, सूक्ष्मदर्शक म्हणतो मेल्या

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात फार्मसीत पीएचडी करतोय. पीएलजीए या विघटनशील पॉलिमरचे नॅनोकण, आत करक्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य), वरून कायटोसान या धन भाराच्या पॉलिमरचा थर. हेपजी२ या यकृताच्या कर्करोगपेशींवर त्यांचा विषारीपणा तपासतोय. पाण्यात आकार १८० नॅनोमीटरच्या आसपास, झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरचा भार) धन.

अडचण अशी की ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये २४ तास कण ठेवून एमटीटी (जिवंत पेशींचं प्रमाण रंगावरून मोजणारी चाचणी) केली, तर मिलीला ५० मायक्रोग्रॅमपर्यंत आकडे सरळ येतात. ५०० ला मात्र रंग मोजणारा रीडर ५७० नॅनोमीटरवर कण न घातलेल्या कंट्रोलच्या ११८ टक्के दाखवतो. एमटीटी घालण्याआधी तीच वेल मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. अर्ध्याअधिक पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या, उरलेल्या आखडलेल्या, आणि सगळ्यावर पिवळसर साका. शेजारच्या कंट्रोलमध्ये पेशी छान चिकटून पसरलेल्या. त्यात करक्युमिन नसलेले कोरे कण त्याच मात्रेला ६५ टक्के देतात. म्हणजे औषध भरल्यावर विषारीपणा कमी झाला?

सर म्हणाले, "चालशे, सेफ छे, लखी नाखो" (चालेल, सुरक्षित आहे, लिहून टाका). घरी दांडिया बाजारात आईचंही तेच: हळद कधी कोणाला बाधली आहे का! पण मला लिहायला धीर होत नाही. एलडीएचचं (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम मोजण्याचं) किट मागवायचं तर खरेदीची फाईल फिरेपर्यंत महिना जाईल. तोवर हाताशी आहे त्या सामानात काय करता येईल?

प्रतिसाद: जुना_पेशीवाला

लिहू नका. माझा पहिला संशय करक्युमिनवर. एमटीटीचा पिवळा रंग जांभळा होतो तो पेशींतल्या एन्झाइम्सनी त्याचं क्षपण केल्यामुळे. करक्युमिनसारखी पॉलिफेनॉल्स तेच काम पेशींशिवाय करू शकतात. उद्याच एक ओळ अशी लावा: पेशी नाहीत, फक्त मीडियम, कण आणि एमटीटी. जांभळं झालं तर चोर सापडला.

दुसरा संशय गढूळपणावर. शेवटी जांभळे स्फटिक विरघळवायला घालतो त्या डीएमएसओत पीएलजीए विरघळतं, कायटोसान विरघळत नाही. तो तसाच तरंगतो आणि प्रकाश विखुरतो, रीडरला तो जास्तीचा रंग वाटतो. प्लेट सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण नव्या प्लेटमध्ये घ्या, मग वाचा. एमटीटीआधी पीबीएसने (क्षारांच्या बफरने) धुवाच, पण पेशींच्या आत शिरलेले कण धुण्याने जात नाहीत, म्हणून नुसत्या धुण्यावर विसंबू नका.

आणि कोऱ्या कणांचे ६५ टक्के सोडून देऊ नका. आयएसओ १०९९३-५ (वैद्यकीय साधनांच्या पेशी-विषारीपणाचं मानक) नुसार ७० च्या खाली गेलं की पेशींना विषारी. धन भार पेशींच्या ऋण पटलाला जाऊन चिकटतो, त्याचा हा परिणाम असू शकतो. कायटोसान विरघळवायला वापरलेलं अॅसिटिक अॅसिड आणि कण बनवताना घातलेल्यातलं उरलेलं पीव्हीए (कण स्थिर ठेवणारं पॉलिमर) यांचा वेगळा कंट्रोल आहे का?

प्रतिसाद: पुणेरी_इनक्युबेटर

दादांशी सहमत. किटची वाट कशाला बघता? ट्रिप्सिनने पेशी सोडवा, ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) घाला, हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या चौकटीच्या काचेवर) मोजा. वर तरंगणाऱ्या पेशी फेकू नका, मेलेल्या त्याच असतात. एलडीएच आलं तरी ते एन्झाइम धन भाराच्या कणांना चिकटून आकडा खोटा कमी येऊ शकतो. फोडलेल्या पेशींच्या द्रावणात कण मिसळून ते आधी पडताळा.

शिवाय १८० हा पाण्यातला आकार. १० टक्के सीरमच्या मीडियममध्ये डीएलएस (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणं) करा. तो साका पाहता कण गोळा होऊन तळाशी बसताहेत असं वाटतं. मग पेशींवर खरी मात्रा किती पडते, ते मिलीमागच्या आकड्यावरून कळणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. अॅसिटिक अॅसिडचा कंट्रोल नाहीये, तो आता लावतो. पेशींशिवायची ओळ आज संध्याकाळीच. ताई, ट्रिपॅन ब्लूला एक शंका: कण स्वतःच निळा रंग धरून बसले, तर मेलेली पेशी आणि कणांची गुठळी वेगळी कशी ओळखायची?